थंड डोक्याची सर्जरी

जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कोणी केलं, असा प्रश्न क्विझमध्ये आला की बझर दाबायच्या आधीच बर्नार्ड हे नाव तोंडात आलेलं असतं. आता पुढचा प्रश्न घ्या. आशियातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कुठे झालं? इथे बऱ्याच टीम जपान म्हणून मोकळ्या होतात. उत्तर आहे परळ. शिवडी स्टेशनला पश्चिमेला उतरलात की टीबी हॉस्पिटल लागतं, तिथून टी. जे. रोडच्या बाजूने निघालात की हॉस्पिटलांचा मुलूखच सुरू होतो. टाटा, वाडिया, हाफकिन आणि मग केईएम. महापालिकेचं, गर्दीचं, केसपेपरच्या रांगांचं हे हॉस्पिटल. फेब्रुवारी १९६८मध्ये, बर्नार्ड यांच्या ऑपरेशनला पुरते अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, इथे एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं गेलं. ते बसवणाऱ्या सर्जनचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. डॉक्टरमंडळींच्या बोलण्यात पी. के. सेन.

हा माणूस बंगाली, जन्म १९१५चा, पण कर्मभूमी शंभर टक्के परळ. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम ही जोडी १९२६ साली सुरू झाली. देणगी देणाऱ्या ट्रस्टींची अट अशी होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट म्हणजे छोटीशी बंडखोरीच होती. अशा कॉलेजात सर्जरीचा पुढचा पल्ला कोणीतरी गाठणं ओघानं आलंच. सेन १९४०चं दशक संपता संपता रॉकफेलर फेलोशिपवर अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. त्याच शहरात जॉन गिबन नावाचे सर्जन हृदय आणि फुप्फुस या दोघांचं काम बाहेरून करणारं यंत्र तयार करण्याच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते. त्या काळात फिलाडेल्फियात असणं म्हणजे हृदयाच्या सर्जरीचा पाया भरला जात असताना मांडवात हजर असणं.

सेन परत आले ते त्या काळच्या परळमध्ये. आजूबाजूला गिरण्या, चाळी, एका खोलीत आठ-दहा माणसं. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात खाटा भरलेल्या. गंमत बघा, हृदयाच्या सर्जरीचा रस्ता टीबीनेच मोकळा केला. त्याआधी छाती उघडायची म्हटलं की सर्जनच घाबरायचे, कारण छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुप्फुस बसतं. टीबीच्या रोग्यांची फुप्फुसं ऑपरेट करता करता जगभरच्या सर्जनना छातीत काम करायची सवय झाली, भूल देणाऱ्यांनाही श्वास चालू ठेवायची हातोटी आली. आणि फुप्फुसापर्यंत गेलेला हात हृदयापर्यंत जायला मग दोन बोटंच उरली होती.

चाळीतल्या गर्दीने दुसरा एक आजार पोसला होता. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, बरा होतो. काहींना मग सांधे धरतात आणि हृदयाच्या झडपा हळूहळू आकसतात. हा संधिवाताचा ताप, ऱ्हुमॅटिक फीव्हर. पंचवीस वर्षांची बाई जिना चढताना धापा टाकायला लागते, बाळंतपणात जीव धोक्यात येतो. डावीकडची मायट्रल झडप आकसली असेल तर तिच्यावर उपाय असा होता की हृदय धडधडत असतानाच कर्णिकेला छोटी चीर देऊन सर्जनने आत बोट घालायचं आणि चिकटलेली झडप बोटानेच मोकळी करायची. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटाला कळायला हवं. सेन यांनी केईएममध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम सुरू केलं. अनेक बायकांना त्या एका बोटाने पुढची कित्येक वर्षं दिली.

पण बोटाची हद्द लवकर संपते. हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक असेल तर ते शिवायला आत बघावं लागतं. बघायचं तर रक्त थांबवावं लागतं. आणि रक्त थांबवलं की प्रश्न हृदयाचा राहत नाही, मेंदूचा होतो.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सेन यांच्या पिढीतल्या प्रत्येक हार्ट सर्जनची खरी लढाई इथेच होती. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे वीस टक्के हा एकटा खातो. आणि साठवून काही ठेवत नाही. स्नायूला थोडा वेळ उधारीवर काम करता येतं, मेंदूला येत नाही. रक्त थांबलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि तीन-चार मिनिटांनंतर पेशींना कायमची इजा व्हायला लागते. हे झालं नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला. चार मिनिटांत छाती उघडून, हृदय उघडून, भोक शोधून, शिवून, बंद करून बाहेर येणं कुणालाच जमणारं नव्हतं. हृदय दुरुस्त करून माणूस कायमचा बेशुद्ध राहिला तर ते ऑपरेशन यशस्वी म्हणायचं का?

यावरचं उत्तर पहिल्यांदा कॅनडातून आलं. टोरांटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी साधा विचार मांडला. शरीर थंड केलं तर त्याची ऑक्सिजनची गरजच कमी होईल. मग थोडा वेळ पुरवठा बंद ठेवला तरी चालेल. आपण विरजण लावलेलं भांडं फ्रीजमध्ये ठेवतो तेव्हा दही आंबायचं थांबत नाही, फक्त सावकाश आंबतं. पेशींचंही तसंच. १९५० साली त्यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग जगापुढे ठेवले. सप्टेंबर १९५२मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला गार करून सुमारे २८ अंशांवर आणलं, साडेपाच मिनिटं तिच्या हृदयाकडे येणारं रक्त अडवलं आणि पडद्याचं भोक शिवून टाकलं. मुलगी बरी झाली. डोळ्यांनी बघत केलेली हृदयाच्या आतली ती पहिली यशस्वी सर्जरी मानतात.

गणित असं आहे. तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूचा ऑक्सिजनचा वापर साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरतो. २८ अंशांना तो निम्म्यावर येतो. म्हणजे चार मिनिटांच्या जागी आठ-दहा मिनिटं मिळतात. १८ अंशांपर्यंत गेलात तर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. १८ अंश म्हणजे कॉलेजच्या एसी लॅबपेक्षाही गार! एवढ्या गार माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी यंत्रावर सरळ रेघ दाखवतात. नाडी नाही, श्वास नाही, लहर नाही. आणि तरीही तो जिवंत असतो. ही सरळ रेघ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सगळ्यांनाच बर्फात का घातलं नाही? कारण थंडी फुकट मिळत नाही. पहिली अडचण, शरीर कुडकुडतं आणि कुडकुडताना उलट जास्त ऑक्सिजन जाळतं, म्हणून आधी खोल भूल हवी. दुसरी, तीस अंशांच्या खाली हृदय लहरी होतं, ठोका सोडून नुसतं थरथरायला लागतं. तिसरी, रक्त घट्ट होतं पण गोठण्याची त्याची नेहमीची यंत्रणा ढिली पडते, त्यामुळे नंतर रक्तस्राव थांबेना. आणि सगळ्यात मोठी अडचण घड्याळ. आठ-दहा मिनिटांत शिवून होईल असे दोष थोडेच. आत गेल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं तर संपलंच.

गिबन यांचं यंत्र १९५३च्या मे महिन्यात यशस्वी झालं आणि घड्याळाचा जाच कमी झाला. हृदयाचं काम पंप करतो, फुप्फुसांचं काम ऑक्सिजनेटर. वाटलं होतं की आता बर्फ कपाटात. झालं उलटंच. यंत्र आणि थंडी यांची जोडी जमली. यंत्रातूनच जाणाऱ्या रक्ताला गार पाण्याच्या नळ्यांच्या शेजारून न्यायचं, म्हणजे बर्फाच्या टबाची गरज नाही, शरीर आतून गार होतं. परत गरम करायचं तर पाणी बदलायचं. (शिवडीच्या चिखलात तासन् तास एका पायावर उभा राहणारा फ्लेमिंगो हेच करतो. पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून येणारं गार रक्त शेजारून वाहतात, उष्णतेची अदलाबदल तिथेच होते आणि अंगातली ऊब पाण्यात वाया जात नाही. इंजिनीअरिंगवाल्यांनी हीट एक्सचेंजरचं चॅप्टर आठवावं.) यंत्र कुठे काही वेळ अडलं, पंपाचा प्रवाह कमी करावा लागला, तरी गार मेंदू तेवढं सोसतो. विमा उतरवल्यासारखं.

सेन या सगळ्या धडपडीच्या काळात केईएमच्या सर्जरी विभागाचे प्रमुख म्हणून वाढले. त्यांच्या हाताखाली घडलेली माणसं बघितली तर हा माणूस किती मोठा शिक्षक होता ते कळतं. डॉ. जी. बी. पारुळकर पुढे हृदयशस्त्रक्रियेतलं मोठं नाव झाले. डॉ. तेहमटन उदवाडिया यांना आपण भारतातल्या दुर्बिणीच्या सर्जरीचे जनक म्हणून ओळखतो, ते तरुणपणी सेन यांच्या हृदयावरच्या संशोधनात होते. पॅथॉलॉजीच्या डॉ. एस. जी. किनरे यांचं नाव सेन यांच्या शोधनिबंधांत पुन्हा पुन्हा येतं. सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट अशी गाढ जोडी जमणं सोपं नसतं, कारण सर्जनच्या चुका उघड करण्याचं कामच पॅथॉलॉजिस्टचं. आपल्या चुका रोज कोणी तरी मायक्रोस्कोपखाली बघावं असं वाटणारा विभागप्रमुख असेल तरच हे होतं.

या मंडळींचं एक काम प्रत्यारोपणाच्या बातमीखाली झाकलं गेलं, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना आतून सूज येऊन त्या आकसतात असा एक आजार आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली त्याची डोळ्यातली खूण पहिल्यांदा सांगितली, म्हणून त्याला त्यांचं नाव. तो बहुतेक तरुण मुलींना होतो. मनगटावर नाडी लागत नाही, एका हातात रक्तदाब भरपूर तर दुसऱ्यात मोजताच येत नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या आकसल्या की मेंदूला रक्त कमी पडतं. उभं राहिलं की घेरी, डोळ्यांपुढे अंधारी, कधी झटका. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही हे सेन यांच्या गटाने दाखवून दिलं. १०१ रुग्णांच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतून छापला गेला आणि या आजारावर लिहिणारे जगभरचे लोक पुढची अनेक वर्षं त्याचा हवाला देत राहिले. महापालिकेच्या ओपीडीत आलेल्या गरीब मुलींची हरवलेली नाडी शोधत बसणं, त्यांच्या नोंदी ठेवणं, यात हेडलाइन नसते. असो.

हेडलाइनच्या मानाने विचित्र वाटेल असं दुसरं काम सापांचं. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून, कोरोनरी धमन्यांतून. त्या तुंबल्या की हार्ट अटॅक. सापाच्या हृदयाची रचना वेगळी. त्याचा स्नायू स्पंजासारखा असतो आणि हृदयाच्या पोकळीतलंच रक्त बारीक फटींमधून थेट स्नायूला मिळतं. सेन यांना वाटलं, हीच युक्ती माणसाच्या हृदयात का नको? स्नायूला आतपर्यंत सुईने भोकं पाडली तर? १९६५ साली सेन, उदवाडिया, किनरे आणि पारुळकर यांनी कुत्र्यांच्या हृदयावरचे असे प्रयोग एका अमेरिकन जर्नलमध्ये छापले आणि त्या पद्धतीला हृदयस्नायूचं ॲक्युपंक्चर म्हटलं. तेव्हा बायपास सर्जरी रुळायची होती. पुढे १९८०-९०च्या दशकांत हीच कल्पना सुईऐवजी लेझर घेऊन परत आली आणि काही रुग्णांवर वापरलीही गेली. ती भोकं उघडी राहतात की बुजतात यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं भांडून घेतलं. पण परळमधला एक सर्जन सापाकडे बघून असा विचार करू शकत होता, हे मला भारी वाटतं. सेन चित्रंही काढत. चित्रकाराची नजर आणि सर्जनची नजर यांत फार अंतर नसावं.

आता प्रत्यारोपण. बर्नार्ड यांची बातमी आली आणि सेन यांनी उत्साहाच्या भरात चाकू उचलला, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. १९६५ साली, म्हणजे केपटाऊनच्या दोन वर्षं आधी, सेन, पारुळकर, पांडे आणि किनरे यांनी कुत्र्यांमधल्या शंभर हृदय प्रत्यारोपणांचा प्राथमिक अहवाल 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापला होता. शंभर. महापालिकेच्या हॉस्पिटलातल्या प्रयोगशाळेत, आजच्या मानाने तुटपुंज्या साधनांत. हृदय काढायचं कसं, गार ठेवायचं कसं, कोणत्या क्रमाने शिवायचं, सुरू कसं करायचं, हे सगळं हाताला माहीत होतं.

३ डिसेंबर १९६७ला बर्नार्ड यांनी पहिलं प्रत्यारोपण केलं. तीन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये कँट्रोविट्झ, जानेवारीत कॅलिफोर्नियात शमवे. आणि चौथे सर्जन सेन. डोक्याला प्राणांतिक मार लागलेल्या एका तरुण स्त्रीचं हृदय एका पुरुष रुग्णाच्या छातीत बसवलं गेलं. ते सुरू झालं. पण रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं, तोही रुग्ण दिवसभर टिकला नाही.

हे असं का व्हायचं? त्या पहिल्या वर्षात जगभर दिसलेलं एक कारण सांगतो. वर्षानुवर्षं दुबळ्या हृदयाने काम चालवलेल्या माणसाच्या फुप्फुसांत रक्ताचा दाब चढलेला असतो. त्याचं जुनं हृदय हळूहळू त्या दाबाला सरावलेलं असतं. निरोगी माणसाचं नवं हृदय अचानक त्या भिंतीवर जाऊन आदळतं आणि त्याची उजवी बाजू दम टाकते. आज प्रत्यारोपणाआधी हा दाब मोजतात आणि फार असेल तर नकार देतात. तेव्हा हे शिकायचं होतं, आणि ते कोणाच्या तरी जिवावरच शिकलं गेलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण जो रुग्ण गेला त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल? सेन यांच्यावर टीका झाली ती काही सगळीच मत्सरातून आलेली नव्हती. ज्या शहरात टीबीच्या गोळ्या सगळ्यांपर्यंत पोचत नव्हत्या तिथे हृदय बदलायची घाई कशाला, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. त्यावर दुसरी बाजूही तेवढीच खरी की केपटाऊन, न्यूयॉर्क आणि स्टॅनफर्डमध्येही पहिले रुग्ण फार जगले नव्हते. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण १८ दिवसांनी गेला. मग फक्त परळलाच घाई म्हणायचं का?

पण खरा पेच छातीत नव्हताच. तो होता देणाऱ्याच्या डोक्यात. हृदय धडधडत असलेल्या माणसाला मृत म्हणायचं कधी? तोपर्यंत मृत्यूची व्याख्या सरळ होती, हृदय थांबलं की माणूस गेला. व्हेंटिलेटर आल्यावर ती मोडली, कारण मेंदू पूर्ण मेलेला असतानाही यंत्राच्या श्वासावर हृदय काही दिवस चालू राहू शकतं. फेब्रुवारी १९६८मध्ये यासाठी जगमान्य असा नियम नव्हता. मेंदूमृत्यूच्या कसोट्या मांडणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल आला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. सेन यांनी पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा तो कागद जगात अस्तित्वातच नव्हता, आणि आपल्याकडे कायदा तर फार लांब. त्याच ऑगस्टमध्ये जपानमध्ये वादा नावाच्या सर्जननी प्रत्यारोपण केलं आणि देणारा खरंच मेला होता का, यावरून त्यांच्यावर खुनाचा आरोप होऊन चौकशी झाली. खटला उभा राहिला नाही, पण जपानमध्ये पुढची कित्येक दशकं मेंदूमृत्यू या विषयाला कोणी हात लावेना. केईएमच्या वाट्याला असलं काही आलं असतं तर?

आणि इथे ती सरळ रेघ परत येते. हार्वर्डच्या समितीने कसोट्या देतानाच दोन अपवाद ठेवले. ज्याला मेंदू दाबून टाकणारी औषधं दिली आहेत त्याला या कसोट्या लावू नयेत. आणि ज्याच्या शरीराचं तापमान ३२.२ अंशांच्या खाली आहे त्यालाही लावू नयेत. कारण उघड आहे. हार्ट सर्जननी पंधरा वर्षं टेबलावर पाहिलं होतं की गार मेंदू हुबेहूब मेलेल्या मेंदूसारखा दिसतो आणि ऊब मिळाली की जागा होतो. म्हणून आजही कोणत्याही आयसीयूमध्ये मेंदूमृत्यूची तपासणी करायच्या आधी रुग्णाचं तापमान बघतात, तो गार असेल तर आधी ऊब देतात.

इथे कॉलेजातल्या चर्चांमध्ये एक गल्लत हमखास होते, तीही निस्तरून टाकू. मेंदूमृत्यू वेगळा आणि वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडून राहणं वेगळं. १९७३ साली याच केईएममधल्या एका परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला, गळा आवळल्याने तिच्या मेंदूचा ऑक्सिजन तुटला. तिथे बर्फ नव्हता, तापमान ३७ अंशच होतं, आणि त्या काही मिनिटांनी आयुष्य नेलं. पण तिचा मेंदूमृत्यू झालेला नव्हता. ती स्वतः श्वास घेत होती. केईएमच्या नर्सेसनी तिला ४२ वर्षं, २०१५मध्ये ती जाईपर्यंत, जपलं. २०११ साली तिच्या प्रकरणात निकाल देताना सुप्रीम कोर्टालाही हा फरक उलगडून सांगावा लागला.

तापमानाची गोष्ट मात्र गार करण्यावर संपत नाही. सर्जनना बऱ्याच उशिरा कळलं की धोका थंडीपेक्षा ऊब परत देताना जास्त असतो. ऑपरेशन संपत आलेलं असतं, सगळ्यांना घाई असते, परफ्युजनिस्ट पाणी गरम करतो. आता पंपातून येणारं रक्त सगळ्यात आधी जवळच्या मेंदूकडे जातं. त्यामुळे गुदद्वारातला किंवा मूत्राशयातला थर्मामीटर ३५ दाखवत असताना मेंदू ३८-३९वर गेलेला असू शकतो. आणि नुकत्याच उपाशी राहिलेल्या मेंदूला ताप म्हणजे जखमेवर मीठ. त्यातून घाईने तापवलं तर रक्तात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो, सोड्याची गार बाटली गरम झाली की येतो तसा. म्हणून आता नाकातून घशाच्या मागच्या बाजूला प्रोब ठेवतात, तिथलं तापमान मेंदूच्या जवळचं. रक्त ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि सावकाश तापवायचं. ऑपरेशननंतर काही रुग्ण विसराळू होतात, चिडचिडे होतात, हिशेबात अडकतात, त्यामागे यंत्र, उडालेल्या गुठळ्या, वय अशी बरीच कारणं असतात. पण तापमान हे त्यातलं आपल्या हातातलं कारण आहे. तान्ह्या बाळांमध्ये तर बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मुद्दाम तुलना केली. खोल थंडीत रक्त पूर्ण थांबवलेली बाळं आणि थंडीतच कमी प्रवाह चालू ठेवलेली बाळं. ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहून तपासण्या केल्या. वर्षभराच्या वयाला पूर्ण थांबवलेल्या गटातली बाळं हालचालीत मागे दिसली. मग सर्जन जरा सावध झाले. आज साधी बायपास पूर्वीइतकी गार करत नाहीत, ३२ ते ३४ अंशांना किंवा चक्क नेहमीच्या तापमानाला करतात. खोल थंडी राखून ठेवलीय ती महाधमनीच्या कमानीसारख्या ऑपरेशनला, जिथे मेंदूचा रस्ताच दुरुस्तीला काढलेला असतो.

सेन यांना १९६९ साली पद्मभूषण मिळालं. पण तोपर्यंत जगभरच प्रत्यारोपणाचा जोर ओसरायला लागला होता. १९६८ या एका वर्षात शंभरच्या आसपास हृदयं बसवली गेली, आणि बहुतेक रुग्ण वर्षभरही जगले नाहीत. शरीर परकं हृदय नाकारत होतं आणि त्यावर धड औषध नव्हतं. एकामागून एक केंद्रांनी काम थांबवलं. स्टॅनफर्डचे शमवे चिवटपणे करत राहिले. सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या दशकात हाती आलं तेव्हा चित्र पालटलं. सेन ते बघायला नव्हते. १९८२ साली ते गेले.

आपल्याकडे मात्र औषध येऊनही गाडं अडलं होतं, कारण मेंदूमृत्यूला कायद्यात जागाच नव्हती. मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली जुलै १९९४मध्ये. चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या, अशी चौकट त्यात आहे. आणि पुढच्याच महिन्यात, ३ ऑगस्ट १९९४ला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. परळच्या त्या पहिल्या प्रयत्नानंतर २६ वर्षांनी. आता एखाद्या संध्याकाळी पोलिसांनी सिग्नल अडवून ठेवलेला असतो, सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स सुसाट जाते, आणि आपण बसमध्ये बसून ग्रीन कॉरिडॉर म्हणून मोबाइल काढतो. आत बर्फात ठेवलेल्या डब्यातलं हृदय साधारण चार तास थांबू शकतं.